छाती भरून श्वास घ्या, आणि थांबा

"श्वास घ्या... अजून थोडा... आता धरून ठेवा." स्पीकरवरून आवाज येतो. हात डोक्यावर घेऊन टेबलावर पडलेली बाई छाती फुगवून थांबते, वीसेक सेकंद मशीनची घरघर होते आणि मग "सोडा". डाव्या स्तनाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन देताना आता अनेक ठिकाणी असं करतात. छाती भरून श्वास घेतला की फुप्फुस फुगतं, खालचा पडदा उतरतो आणि हृदयही छातीच्या भिंतीपासून थोडं दूर सरकतं. किरण छातीला चाटून तिरके जात असल्यामुळे हृदयाला त्यांच्या वाटेतून बाजूला ठेवायला तेवढं सरकणंही पुरतं.

एके काळी हृदयाला किरणांचं फारसं भय नाही असं मानलं जाई. किरणांचा मारा विभाजन होणाऱ्या पेशींना जास्त जाचतो, आणि हृदयाच्या स्नायूंच्या पेशी क्वचितच विभाजित होतात. तर्क बिनचूक होता, पण त्यात रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराचा विचारच नव्हता. इजा होते ती तिथे. अस्तराला सूज येते, चरबीचे थर लवकर साचतात आणि वाहिनी अरुंद होत जाते. त्यातही हृदयाच्या पुढच्या अंगाने उतरणारी डावी धमनी छातीच्या भिंतीला अगदी लागून असते.

हे नुकसान किती, याचा हिशेब 2013 मध्ये स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या 2,168 स्त्रियांच्या अभ्यासातून पुढे आला. 1958 ते 2001 या काळात रेडिएशन घेतलेल्या या स्त्रियांमध्ये हृदयाला मिळालेल्या सरासरी डोसच्या दर एका ग्रेमागे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं एकक) हार्ट अटॅकसारख्या गंभीर घटनांचं प्रमाण 7.4 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. इतक्या डोसखाली धोका नाही, अशी सीमारेषा काही सापडली नाही. वाढ पहिल्या पाच वर्षांतच सुरू झाली आणि वीस वर्षांनंतरही चालू होती.

7.4 हा आकडा ऐकून धस्स होतं खरं, पण तो कशाच्या 7.4 टक्के, हे पाहायला हवं. त्याच अभ्यासातल्या अंदाजानुसार, हृदयविकाराचा कोणताही धोका नसलेल्या पन्नाशीच्या स्त्रीच्या हृदयाला सरासरी 3 ग्रे मिळाले, तर ऐंशीव्या वर्षाआधी हृदयविकाराने मृत्यू येण्याची शक्यता 1.9 टक्क्यांवरून 2.4 टक्के होते. दुसरीकडे, स्तन वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन घेतलं तर दहा वर्षांत कॅन्सर उलटण्याचं प्रमाण सुमारे 35 टक्क्यांवरून 19 वर येतं. म्हणून हृदयाच्या धास्तीने रेडिएशनच टाळणं मला तरी घाट्याचा सौदा वाटतो.

मात्र मुळातच हृदयरोग असेल, बीपी किंवा डायबेटिस असेल, सिगारेट चालू असेल, तर तीच टक्केवारी मोठ्या आकड्यावर चढते. केमोतली काही औषधं, उदाहरणार्थ डॉक्सोरुबिसिन, हृदयाच्या स्नायूलाच दुबळं करू शकतात, तो भार वेगळा.

श्वास धरणं सगळ्यांना जमत नाही. काहींना पालथं झोपवून रेडिएशन देतात, काहींसाठी किरणांची दिशा बदलतात. कुठलीही पद्धत असो, हृदयाला सरासरी किती ग्रे मिळणार हे उपचार सुरू होण्याआधीच कॉम्प्युटरवरच्या प्लॅनमध्ये दिसतं. तो आकडा डॉक्टरांना विचारावा आणि फाइलमध्ये लिहून ठेवावा. पंधरा वर्षांनी छातीत दुखलं तर समोरच्या नव्या डॉक्टरला तो दाखवता येईल.