लेंड की बॉरो? हातउसन्याचा कागद टाइप करायला देण्याआधी

आमच्याकडे इंग्रजीत टाइप करून घ्यायला येणाऱ्या कागदांत हातउसन्या पैशांचे कागद बरेच असतात. त्यांत एक चूक ठरलेली: 'आय बॉरोड हिम फिफ्टी थाउजंड रुपीज.' म्हणायचं असतं, 'मी त्याला पन्नास हजार उसने दिले.'

यात दोष तुमच्या इंग्रजीचा कमी, आपल्या मराठीच्या सवयीचा जास्त. आपल्याकडे 'उसने' हा शब्द दोन्हीकडे चालतो. दिले की घेतले, ते पुढचं क्रियापद सांगतं. इंग्रजीत देणं-घेणं शब्दाच्या पोटातच असतं. लेंड म्हणजे उसने देणे, बॉरो म्हणजे उसने घेणे.

आम्ही तपासताना पुढचा शब्द बघतो. बॉरोला 'फ्रॉम' लागतं: 'ही बॉरोड इट फ्रॉम मी.' लेंडच्या मागून थेट माणूस येतो, नाहीतर 'टू': 'आय लेंट हिम द मनी', 'आय लेंट इट टू हिम'. भूतकाळ लेंट, 'लेंडेड' लिहू नका. 'आय लोन्ड हिम' अमेरिकेत सर्रास चालतं, पण कागदावर आम्ही लेंटच घालतो.

तरी गोंधळ होत असेल तर घरातल्या इंग्रजी माध्यमाच्या पोराची वजाबाकी बघा. आपण जिथे हातचा घेतो, तिथे ते बॉरो करतं. शेजारच्या घरातून आणायचं, म्हणजे घेणंच. या शब्दाच्या मुळाशी जुन्या इंग्रजीत जामीन, तारण असा अर्थ होता. हमी द्यावी लागते ती घेणाऱ्यालाच.

कागदावर ही अदलाबदल महागात पडू शकते. काही अपवाद सोडले तर २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि घेतलेल्या रकमेएवढा दंड होऊ शकतो तो घेणाऱ्याला. पैसे दिले तुम्ही आणि सही केली बॉरोखाली, तर घेणारे तुम्हीच दिसता!

म्हणून येताना इंग्रजी मसुदा आणला नाहीत तरी चालेल. मराठीत एवढंच लिहून आणा: कोणी दिले, कोणाला, किती, कोणत्या तारखेला, चेकने की बँकेतून ट्रान्सफर करून. क्रियापद आम्ही घालू. टाइप झाल्यावर ते वाक्य तुम्हाला मराठीत वाचून दाखवतो; ऐकून 'हो' म्हणालात की मगच प्रिंट काढतो.