प्रार्थनेची वेळ पूर्वी एकट्याची नव्हती

"प्रार्थनेला वेळच मिळत नाही हो", चर्चच्या मंडळीत हल्ली कुणाशीही बोला, हेच ऐकू येतं, आणि बोलणाऱ्याचा चेहरा लगेच पडतो, कारण प्रार्थनेची वेळ म्हणजे पहाटे उठून एकट्यानं बायबल घेऊन बसायचं असं डोक्यात पक्कं झालंय. पण ही पद्धत जशी आज आपण शिकतो तशी फार जुनी नाहीये, १८८० च्या दशकात केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी 'मॉर्निंग वॉच' म्हणून ती धरली आणि मग विद्यार्थी चळवळी, मिशनरी यांच्यामार्फत ती सगळीकडे गेली. प्रभू येशू स्वतः अंधार असतानाच उठून एकांतात गेला, हे बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानात आहेच, तेव्हा एकांत नवा नाही. रोजची ठरलेली वेळ मात्र बहुतेक वेळा सगळ्यांची मिळून असायची.

ही ठरलेली वेळ आली यहुदी लोकांकडून. बायबलमधला दानीएल संदेष्टा दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा. बायबलमधल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात येशूचे शिष्य पेत्र आणि योहान मंदिरात जातात ते तिसऱ्या प्रहरी, प्रार्थनेच्या वेळेला, म्हणजे त्यांनी वेळ काढलेला नव्हता, वेळ आधीच ठरलेली होती आणि ते फक्त तिथे पोचले, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढे सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्ट या संन्याशानं मठासाठी नियम लिहिला, दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थना, आठवड्याभरात बायबलमधली सगळी १५० स्तोत्रं पूर्ण. घंटा झाली की हातातलं काम टाकून निघायचं. मठात हे जमतं, पण ज्याला वाचता येत नाही आणि दिवसभर शेतात राबायचंय त्यानं काय करायचं? त्याच्यासाठी १५० स्तोत्रांच्या जागी मण्यांवर मोजून १५० 'नमो मरिया', म्हणजे येशूच्या आईला उद्देशून असलेल्या छोट्या प्रार्थना, आल्या, आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ चर्चची घंटा. गोव्यात संध्याकाळची घंटा झाल्यावर घरोघरी तेर्स, म्हणजे मण्यांच्या माळेवरची हीच प्रार्थना, म्हणतात ती इथूनच आली, आजी सांगेल तेव्हा सगळ्यांनी बसायचं, कुणाला वेळ आहे का असं कुणी विचारतच नाही.

प्रोटेस्टंटांनी मठ सोडले पण वेळ सोडली नाही. इंग्लंडमध्ये आर्चबिशप क्रॅनमरनं १५४९ च्या प्रार्थना-पुस्तकात मठाच्या एवढ्या वेळा एकत्र करून दोनच ठेवल्या, सकाळ आणि संध्याकाळ, लोकांच्या भाषेत. त्याआधी १५३५ मध्ये जर्मनीत, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरच्या न्हाव्यानं, पीटरनं, त्याला विचारलं होतं की प्रार्थना करायची कशी, आणि ल्यूथरनं त्याच्यासाठी अख्खं छोटं पुस्तक लिहून दिलं! त्यात तो म्हणतो, 'थांब, आधी हे काम उरकतो, तासाभरानं प्रार्थना करतो' या विचारापासून सांभाळ, कारण एका कामातून दुसरं निघतं आणि दिवस संपतो. आणि उदाहरणही न्हाव्याचंच, वस्तऱ्यावरून लक्ष हललं तर गिऱ्हाइकाचं नाक कापलं जाईल, प्रार्थनेतही तसंच मन लावायला हवं. पाचशे वर्षं होत आली, माझा दिवस अजून अगदी तसाच निसटतो.

जर्मनीतल्या हर्नहूट गावात १७२७ मध्ये मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी तर दिवसाचे चोवीस तास प्रार्थनेसाठी आपसात वाटून घेतले, एकेकाला एकेक तास, आणि ही साखळी शंभराहून जास्त वर्षं चालली.

आपल्याकडचं सांगायचं तर पुण्याजवळच्या केडगावचं मुक्ती मिशन, पंडिता रमाबाईंचा आश्रम. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थनेला कोण येतंय असं विचारलं, सुमारे ७० जणी पुढे आल्या, जूनच्या अखेरीस तिथे आत्मिक जागृती सुरू झाली तोपर्यंत जवळपास ५५० जणी दिवसातून दोनदा जमत होत्या. यातल्या कितीतरी दुष्काळातून वाचलेल्या मुली आणि विधवा. शाळा, शेत, विणकाम, छापखाना, एवढ्या सगळ्यांचा स्वयंपाक, हे सांभाळून त्या येत होत्या, सकाळी आणि परत संध्याकाळी.