न दुखणारा पाय आणि नायलॉनचा धागा

गृहसंकुलांत भरणाऱ्या आरोग्य शिबिरांत हल्ली ज्येष्ठांच्या तळपायांना तूप लावून ते काशाच्या फिरत्या थाळीवर घासून देतात. थोड्याच वेळात तळवे काळे पडतात आणि शरीरातील उष्णता बाहेर पडली, असे सांगितले जाते. पितळी समई घासताना फडकेही काळे होते, पण समईची उष्णता उतरली असे कोणी म्हणत नाही. तो काळेपणा घर्षणाने सुटलेल्या धातूच्या कणांचा आणि तुपाशी झालेल्या त्यांच्या अभिक्रियेचा असतो. मालिश सुखद असते, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र अनेक वर्षांचा मधुमेह असताना ‘माझे पाय मुळीच दुखत नाहीत’ असे समाधानाने सांगणाऱ्या माणसाला पायाखालचे कळते तरी का, हे तेथे कोणी विचारत नाही.

१९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हाच प्रश्न धरून ठेवला. पायाचे मांस आपोआप झडते ही समजूत त्यांनी खोडून काढली. वेदनाच कळत नसल्याने माणूस जखमेवर चालत राहतो आणि पाय त्यामुळे जातो, हे त्यांनी दाखवले. मधुमेहातही हेच घडते. पायाच्या बोटांपर्यंत जाणारे चेतातंतू सुमारे एक मीटर लांब असतात आणि सर्वांत लांब तंतू आधी निकामी होत असल्याने बधिरपणा बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तसा वर सरकतो.

हा बधिरपणा ओळखण्याचे साधन आहे नायलॉनचा एक धागा, आणि त्यामागचे यंत्रशास्त्र मला फार देखणे वाटते. धागा त्वचेवर उभा टेकवून दाबला की आधी ताठ राहतो आणि विशिष्ट बलाला एकदम वाकतो. बारीक स्तंभ किती भाराला वाकेल, याचे गणित स्विस गणितज्ञ ऑयलर यांनी अठराव्या शतकातच मांडले होते. ते बल धाग्याच्या ताठरपणावर, व्यासाच्या चौथ्या घातावर आणि लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ठरते; म्हणजे व्यास दुप्पट केला तर सोळापट बल लागते, लांबी दुप्पट केली तर चौथा हिस्सा पुरतो. एकदा वाकल्यावर हात आणखी थोडा पुढे गेला, तरी धागा अधिक वाकतो, पण त्वचेवरचे बल जवळजवळ तेवढेच राहते. त्यामुळे तपासणाऱ्याचा हात हलका असो वा जड, पायावर सुमारे १० ग्रॅम वजनाइतकाच भार पडतो. डोळे मिटलेल्या रुग्णाला तो कळला नाही, तर संरक्षक संवेदना, म्हणजे इजेची सूचना देणारी जाणीव, गेली असे मानतात. यात दोन पथ्ये असतात. घट्ट्यावर धागा टेकवायचा नाही, कारण तेथील जाड कातडी निरोगी माणसालाही फसवते. आणि एकच धागा सतत वापरायचा नाही, कारण वारंवार वाकून तो मऊ पडतो. नायलॉन हवेतील ओलावाही शोषते, तेव्हा पावसाळ्यात मऊ पडलेला धागा कमी बलालाच वाकून चांगल्या पायालाही बधिर ठरवू शकतो.

घरी धागा नसला तरी बोट असते. इंग्लंडमधील इप्सविच येथे विकसित झालेल्या चाचणीत आजी-आजोबांना डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकांना एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करतात. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत आणि तोवर अनवाणी चालणे, गरम पाण्याच्या पिशवीने शेकणे व ब्लेडने कुरूप कापणे बंद ठेवावे. स्पर्श करताना बोट दाबायचे नाही, घासायचे नाही आणि पहिला स्पर्श कळला नाही म्हणून दुसरी संधीही द्यायची नाही.