भाजलेल्या शेंगदाण्याचा रंग अंगाला, म्हणजे टॅनिंग लोशन

दिवाळीत मामाची पोरगी जर्मनीहून परभणीला आली, बॅगेत टॅनिंग लोशनच्या दोन बाटल्या. आज्जीला काही समजेना. इथं पोरी उन्हाला भिऊन तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटी चालवायल्यात अन् ही काळं व्हायला युरो मोजायली. "कामून गं, माझ्यासंगं कापूस वेचायला चल की, फुकटात होतंय," आज्जी म्हणाली.

मी मात्र बाटल्यांमागची बारीक अक्षरं वाचत बसलो, कारण दोन्हीवर टॅनिंगच लिहिलेलं पण आतला माल पार वेगळा.

पहिली बाटली मशीनसाठीची. तिकडं सोलारियम असतात, यूव्ही म्हणजे अतिनील किरणांच्या ट्यूबांची पेटी, त्यात झोपायचं. यूव्हीनं कातडीतल्या पेशींच्या डीएनएला मार बसतो, मग शरीर मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, वाढवून त्यावर छत्री धरतं, म्हणजे आपण ज्याला टॅन म्हणतो ती मार लागल्याची खूण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं 2009 मध्ये ह्या मशिनी तंबाखूच्याच गटात टाकल्या, ब्राझीलनं त्याच वर्षी बंदी घातली, जर्मनीत 18 वर्षांखालच्यांना मनाई आहे. आता ह्या बाटलीत काय? मुख्य म्हणजे मॉइश्चरायझर, वर थोडं टायरोसिन. टायरोसिनपासून शरीर मेलॅनिन बनवतं हे खरं, पण ते वरून चोळलं की रंग वाढतो ह्याला धड पुरावा नाही. 'टिंगल' (इंग्रजी tingle, म्हणजे झिणझिण्या) लिहिलेली लोशनं तर कातडीतलं रक्त वाढवून नुसती लाली अन् चुरचुर आणतात. सनस्क्रीन ह्यात सहसा नसतंच. त्यामुळं ह्यातलं भारी लोशन कोणतं असं तिनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, कोणतंही घे, पेटी तीच राहणार.

दुसरी बाटली डीएचएची, म्हणजे डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन, एक साधी साखर. कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरातल्या अमिनो आम्लांशी ही साखर जुळते अन् तपकिरी रंग तयार होतो. शेंगदाणे भाजताना जी मेलार्ड रिअ‍ॅक्शन होते ना, तिचीच ही बहीण, फक्त इथं जाळ लागत नाही. यूव्हीची गरजच नाही. काही तासांत रंग दिसायला लागतो अन् मेलेला थर झडत जातो तसा आठवडाभरात उतरतो. थर जिथं जाड, म्हणजे कोपर, गुडघे, तळवे, तिथं रंग जास्त चढतो, म्हणून आधी अंग घासून घ्यायचं अन् लावल्यावर हात लगेच साबणानं धुवायचे. कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक-दोन दिवस बघायचं, खाज सुटली तर बाटली बाजूला. स्प्रे असेल तर डोळे-ओठ झाका, नाकात जाऊ देऊ नका. अन् हा रंग ऊन अडवत नाही हं, सनस्क्रीन वेगळं लावायचंच.

एक गोष्ट आपल्याकडची. बावचीचं तेल किंवा लिंबाचा रस लावून उन्हात जाऊ नका. दोन्हीत सोरालेन गटातली रसायनं असतात, ऊन लागलं की फोड येतात अन् डाग महिनोन्महिने राहतात. कोडावर बावची वापरतात, पण ते डॉक्टरच्या नजरेखाली. डॉक्सीसायक्लिनसारखी अँटिबायोटिक गोळी चालू असली तरी ऊन जास्त लागतं.

तिनं डीएचएवालीच लावली, हात धुवायचं मात्र विसरली. सकाळी आज्जी तिचे तळवे उलटसुलट करून बघत म्हणाली, "मेंदी लई फिकी चढली गं, भिजवली नव्हती का रातभर?"