सनदेविना वकिली: कॉर्नेलिया सोराबजी

‘भारतातल्या पहिल्या महिला वकील’ एवढ्या एका ओळीत कॉर्नेलिया सोराबजींना उरकायची आपल्याकडे पद्धत आहे. ओळ चुकीची नाही, पण अर्धवट आहे. त्यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली १८९२ साली आणि वकिलीची सनद हाती पडली १९२१ साली. मधली २९ वर्षं त्या काय करत होत्या, हे त्या ओळीत कुठेच येत नाही.

जन्म नाशिकचा, १५ नोव्हेंबर १८६६चा. वडील पारशी घराण्यातले, पुढे ख्रिस्ती होऊन मिशनरी झालेले. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात मुलामुलींची शाळा चालवली. (पुण्यातली सेंट हेलेनाज शाळा ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी: ती कॉर्नेलियांच्या धाकट्या बहिणीने, सूझी सोराबजींनी काढलेली.) कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. वर्ग पहिला. विलायतेत शिकायला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती होती, गुणांवर ती यांनाच मिळायला हवी होती. पण बाईला ती देता येत नाही, असं सांगण्यात आलं. मग अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी मुलांना इंग्रजी शिकवलं. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी जमवली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या, आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला पोचल्या.

तिथेही तेच. कायद्याच्या बीसीएल (बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ) परीक्षेला बाईला बसवायचं की नाही यावर घोळ झाला. अखेर विद्यापीठाने खास ठराव करून परवानगी दिली. परीक्षा झाली, त्या पासही झाल्या, पण पदवी नाही. ऑक्सफर्ड बायकांना पदव्या द्यायला लागलं १९२० मध्ये, आणि कॉर्नेलियांनी आपली पदवी घेतली १९२२ साली.

परत आल्यावर त्यांनी मुंबईची एलएलबी केली, अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही दिली. सनद मात्र कोणी देईना. तरी वाटा निघत होत्या. फौजदारी कायद्यात एक फट होती: न्यायाधीशांनी परवानगी दिली तर सनद नसलेल्या माणसालाही आरोपीची बाजू मांडता येई. त्या फटीतून शिरून १८९६ मध्ये पुण्याच्या सेशन्स कोर्टात त्यांनी खुनाचा आरोप असलेल्या एका बाईची बाजू मांडली. संस्थानांतही कामं मिळत. १९३४ साली आलेल्या ‘इंडिया कॉलिंग’ या आत्मचरित्रात त्यांनी एक किस्सा दिलाय: अशील होता हत्ती. त्याच्या पोटापाण्यासाठी लावून दिलेलं उत्पन्न बंद झालं होतं. न्याय द्यायला बसलेल्या राजाने निकाल यांच्या बाजूने दिला, कारण त्याच्या कुत्र्याला या बाई आवडल्या होत्या! कायद्याचा इतका अभ्यास करून खटला जिंकायचा तो असा.

त्यांचं खरं काम वेगळंच होतं. बंगाल-बिहारकडच्या जमीनदार घराण्यांत नवरा गेला की इस्टेट कागदोपत्री विधवेच्या किंवा अज्ञान मुलाच्या नावावर येई. बाई पडदानशीन. परपुरुषासमोर यायचं नाही, म्हणजे वकिलाशीही थेट बोलायचं नाही. व्यवहार सगळा दिवाणजी आणि दिराच्या तोंडून. दस्तावर अंगठा हवा असला की पडद्यामागून एक हात पुढे येणार. तो हात तिचाच आहे का, दस्तात काय लिहिलंय हे तिला कोणी सांगितलंय का, कोण विचारणार? न्यायालयांनाही हे माहीत होतं. म्हणूनच अशा दस्ताच्या जोरावर दावा करणाऱ्यानेच ‘बाईला मजकूर नीट समजला होता’ हे सिद्ध करावं, असा दंडक पडला होता. पण दंडक कामी यायला आधी प्रकरण कोर्टात यावं लागतं. पडद्याच्या आत जाऊ शकेल असा कायदा जाणणारा माणूस हवा होता, आणि तो बाईच असू शकत होता. हे कॉर्नेलियांनी सरकारच्या मागे लागून पटवलं. १९०४ मध्ये बंगालच्या ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स’मध्ये, म्हणजे अशा विधवा आणि अज्ञान वारसांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात, त्यांची नेमणूक झाली. पुढच्या जवळजवळ दोन दशकांत बोटीने, पालखीने, हत्तीवरून फिरत त्यांनी सुमारे ६०० बायका-मुलांची प्रकरणं हाताळली. माझ्या मते त्यांची वकिली ती हीच. सनदेची वाट न बघता केलेली.

सनदेचं भांडण दरम्यान दुसऱ्यांनीही लढवलं. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांनी कलकत्त्यात अर्ज केला. कायद्यात ‘व्यक्ती’ हा शब्द होता, आणि पुल्लिंगी शब्दात स्त्रीही धरावी असा सर्वसाधारण नियमही होता. तरी हायकोर्टाने अर्ज फेटाळला: कायदा करणाऱ्यांच्या मनात बाई नव्हतीच, असा एकूण सूर. पाटण्यात सुधांशुबाला हाजरांच्या वाट्यालाही नकारच आला. त्याच सुमारास, १९२१ मध्ये, अलाहाबाद हायकोर्टाने मात्र कॉर्नेलियांना सनद दिली. एक हायकोर्ट हो म्हणतं, दुसरी दोन नाही म्हणतात, असा पेच झाल्यावर १९२३ मध्ये ‘लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) ॲक्ट’ आला आणि केवळ बाई म्हणून कोणाला अडवता येणार नाही हे ठरलं.

एवढं असून त्यांचं नाव मागे का पडलं, याचं उत्तर त्यांच्या राजकारणात आहे. त्या इंग्रजी राज्याच्या बाजूच्या, गांधींच्या चळवळीच्या विरोधातल्या. भारतीय समाजावर झोड उठवणाऱ्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकामुळे देश खवळलेला असताना त्यांनी त्याच्या अमेरिकन लेखिकेची, कॅथरीन मेयोची, पाठराखण केली. ते लोकांनी विसरणं अवघडच होतं. १९२४ पासून काही वर्षं कलकत्त्यात वकिली करून त्या निवृत्त झाल्या आणि ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये वारल्या.

मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या बाई मिठन टाटा, पुढच्या मिठन लाम. कायदा बदलल्यावर लगेचच्याच. त्यांना पहिलं काम ज्याने दिलं त्या अशिलाची बाजू भक्कम होती. मग बाई वकील कशाला? तर समोरच्या पक्षाला एका बाईकडून हरल्याची नामुष्कीही सोसावी लागावी म्हणून.