उंची थांबते कधी? भरतीच्या पट्टीमागचा जुना शोध

बेळगाव-खानापूर भागात उंचीचा विषय निघतो तो बहुधा भरतीच्या निमित्तानं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे आणि गावोगावी एखादं तरी घर असं सापडतं, जिथून कुणीतरी पलटणीत गेलेलं असतं. शिपाई पदासाठी लष्करानं वर्षानुवर्षं कर्नाटकातल्या पोरांना १६६ सेंटिमीटरची अट ठेवली, महाराष्ट्रातल्यांना १६८ ची. म्हणजे ज्या उंचीवर चंदगडचा पोरगा बाद, त्याच उंचीवर उचगावचा पास. पोलीस भरतीत गंमत उलटी: महाराष्ट्रात पुरुषांना १६५, कर्नाटकात १६८. सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, पण हा सेंटिमीटरांचा सीमावाद अजून कुणी तिथं नेलेला नाही.

दीड सेंटिमीटर कमी भरलेला विशीतला पोरगा मग एकच विचारतो, अजून वाढेल का? तालमीत त्याला सिंगल बारला लटकायला सांगतात, दुकानदार पावडरचा डबा पुढे करतो आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, "पंचविशीपर्यंत वाढतंय की, घाई कशाला?"

ही पंचविशी आली कुठून? सुश्रुतसंहितेत पुरुष पंचविसाव्या आणि स्त्री सोळाव्या वर्षी पूर्ण वीर्याला पोचते असं म्हटलं आहे. तिथं बोलणं चाललंय ताकदीचं, उंचीचं नव्हे. पुढे लोकांनी दोन्ही एकाच मापात घातलं असावं, असा माझा अंदाज.

हाड वाढतं कसं, याचा छडा लागला तो कोंबडीच्या पायावरून. इंग्लंडमधले पाद्री स्टीफन हेल्स यांनी १७२७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अर्धवट वाढलेल्या कोंबडीच्या नळीच्या हाडाला दोन भोकं पाडली, मधे अर्ध्या इंचाचं अंतर. दोन महिन्यांनी पाहिलं तर हाड चांगलं लांब झालेलं, भोकांतलं अंतर मात्र तेवढंच. म्हणजे हाड मधून ताणलं जात नाही, टोकांशी वाढतं. पुढे फ्रान्समध्ये द्युहामेल यांनी जनावरांना आपल्या मंजिष्ठेच्या कुळातलं एक मूळ खाऊ घातलं. त्या काळात तयार झालेलं नवं हाड लाल रंगतं, त्यामुळे वाढ कुठं होते हे डोळ्यांना दिसू लागलं. जॉन हंटर यांनीही डुकरांवर असेच प्रयोग केले आणि निष्कर्ष तोच आला. लटकून हाड लांबवण्याचा मुद्दा खरं तर तिथंच निकालात निघाला होता.

मग लटकल्यावर काहींची उंची वाढलेली दिसते ती कशी? त्याचंही उत्तर त्याच काळातलं. १७२४ मध्ये जोसेफ वॅस यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं, की माणूस सकाळी उंच असतो आणि संध्याकाळी सुमारे इंचभर बुटका. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या भारानं दबतात, त्यांतलं पाणी कमी होतं आणि रात्री आडवं झाल्यावर त्या पुन्हा फुगतात. भरतीसाठी रात्रभर ट्रकमध्ये उभ्यानं आलेला, पहाटेपासून मैदानाबाहेर रांगेत ताटकळलेला पोरगा पट्टीखाली जाईपर्यंत त्यातला बराचसा भाग गमावून बसतो. काठावरच्यांनी आदल्या रात्री नीट झोपावं, हा जुन्या जवानांचा सल्ला म्हणूनच पावडरीपेक्षा भारी आहे. पाठीचा बाक सरळ केला तरी फरक पडतो. पण ही असलेली उंची दाखवणं झालं, नवी मिळवणं नव्हे.

१८९५ मध्ये रॉन्टगेन यांना क्षकिरण सापडले आणि जिवंत माणसाचं हाड पाहता येऊ लागलं. लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची पातळ पट्टी असते, ती फोटोत काळ्या फटीसारखी उमटते. वयात आल्यावर ती हळूहळू हाडात मिसळते आणि फट बुजते. मुलींमध्ये हे साधारण चौदा ते सोळाच्या दरम्यान, मुलांमध्ये सोळा ते एकोणीसच्या. थोडे उशिराचेही असतात. बुजलेली फट पुन्हा उघडत नाही. डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय सांगण्याचा ग्रॉयलिश आणि पाइल यांचा नकाशासंग्रह १९५० मध्ये आला. दवाखान्यात आजही त्याच पद्धतीनं पाहतात.

ती बुजवतं कोण, हे कळायला १९९४ उजाडलं. अमेरिकेतल्या एका अठ्ठावीस वर्षांच्या माणसाची उंची २०४ सेंटिमीटर होती आणि ती वाढतच होती. तपासणीत आढळलं, की त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. पुरुषाची वाढसुद्धा बायकांचं म्हणून ओळखलं जाणारं संप्रेरक थांबवतं, हे अनेक डॉक्टरांनाही नवं होतं.

उलट टोकाचा माणूस ऑस्ट्रियाचा. १८९९ मध्ये ग्रात्झला जन्मलेला अ‍ॅडम रायनर पहिल्या महायुद्धात भरतीला गेला आणि फार बुटका म्हणून परत पाठवला गेला. विशीनंतर तो अचानक वाढू लागला, आणि १९५० मध्ये वारला तेव्हा २३४ सेंटिमीटरचा होता. कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाढीचं संप्रेरक (हार्मोन) सोडणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीवरची गाठ. पाठीचा कणा वाकला, नंतरची वर्षं अंथरुणात गेली. भरतीची पट्टी पार करण्याचा हा मार्ग कुणी मागणार नाही.

वाढीच्या संप्रेरकाचं इंजेक्शन १९५८ पासून मुलांना दिलं जातं. आधी ते मृतांच्या मेंदूतल्या याच ग्रंथीतून काढत. त्यातून मेंदूचा जीवघेणा आजार पसरल्यावर १९८५ मध्ये ते थांबलं आणि प्रयोगशाळेत बनवलेलं आलं. कूर्चा बुजलेल्या माणसाला ते दिलं तर हात, पाय, जबडा जाड होतो, उंची नाही. हाड कापून रोज एक मिलिमीटरच्या गतीनं लांबवण्याची इलिझारोव्ह पद्धत मात्र खरोखर उंची वाढवते; महिनोन्‌महिने पायात सळ्या घालून, तीही मुळात मोडकी आणि आखूड हाडं नीट करायला शोधलेली.

नातू आजोबांपेक्षा उंच दिसतो, ते पाहून 'वाढतंय की' म्हणणाऱ्यांना पुरावा मिळाल्यासारखं वाटतं. पण ती पिढीची वाढ आहे, लहानपणचं खाणं आणि आजारपण यांवर ठरणारी. १८९६ आणि १९९६ मध्ये जन्मलेल्यांची तुलना केली, तर दक्षिण कोरियातल्या बायका सुमारे २० सेंटिमीटरनं उंच झाल्या. त्यातली एकही विशीनंतर वाढून तिथं पोचलेली नाही.