आपत्तीतला दुजाभाव

नैसर्गिक आपत्ती आली की एका भागाकडे टीव्ही, पेपर आणि सरकार सगळे धावतात आणि तेवढ्याच किंवा त्याहून जास्त झोडपलेल्या दुसऱ्या भागाकडे कोणी वेळेवर फिरकत नाही, ही जी तक्रार दरवर्षी पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात ऐकू येते तिला आपल्याकडे दुजाभाव म्हणतात, जरा चिडलेला माणूस सापत्न वागणूक म्हणतो, आणि पॅकेज जाहीर झाल्यावर हातात काहीच पडलं नाही की तोंडाला पानं पुसली म्हणतात. यातली सगळीच तक्रार खरी असते असं नाही, पण सगळी मनाचे खेळ आहेत असंही नाही, कारण यातला बराच भाग मोजून बघितलेला आहे आणि बराच भाग सरकारी निकषांत चक्क लिहिलेला आहे. महाराष्ट्रातल्या गेल्या तीसेक वर्षांच्या आपत्त्या एकापुढे एक ठेवल्या तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: ज्या आपत्तीला ठरावीक तारीख आहे आणि जिथे गाडी जाणारा रस्ता आहे तिला बातमीही मिळते आणि मदतही, आणि या दोनपैकी एक जरी नसेल तरी गाडं अडतं.

२६ जुलै: एक तारीख, दोन ठिकाणं

२६ जुलै म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यापुढे मुंबईच येते. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी कुर्ला-कलिन्यात शिरली, लोकल बंद, लोक रात्रभर ऑफिसात नाहीतर बसच्या टपावर, हे सगळं लाईव्ह दिसलं आणि दिसायलाच हवं होतं, कारण शेकडो माणसं गेली. पण त्याच दिवशी कुलाब्याला पाऊस झाला जेमतेम ७३ मिलिमीटर, म्हणजे ज्या दक्षिण मुंबईत मंत्रालय आहे तिथे खिडकीतून बघणाऱ्याला उपनगरात काय चाललंय याचा अंदाजही आला नसता.

आणि त्याच पावसात, मुंबईपासून दीड-पावणेदोनशे किलोमीटरवर, रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहण आणि कोंडिवते या गावांवर डोंगर खाली आले. चारही गावं मिळून मृतांचा आकडा दीडशेच्या वर गेला. सावित्रीच्या पुरात महाड बुडालेलं, मुंबई-गोवा हायवे बंद, वीज नाही, फोन नाहीत, त्यामुळे बातमी बाहेर यायलाच वेळ लागला, आणि आली तेव्हा सगळे कॅमेरे मुंबईच्या पाण्यात होते. आजही २६ जुलैला दरवर्षी मिठीचे जुने फोटो निघतात, जुईचं नाव मात्र महाड-पोलादपूरच्या माणसांनाच आठवतं, आणि दासगावातली काही कुटुंबं दरडीनंतर कित्येक वर्षं पत्र्याच्या शेडमध्येच राहिली हे तर फारच थोड्यांना माहीत आहे. मुंबईला जास्त मिळालं असं इथे म्हणायचं नाही, मुंबईच्या झोपडपट्टीतल्या माणसालाही काही फार मिळालं नाही. मुद्दा एवढाच की एकाच पावसातल्या एका मरणाचा वाढदिवस साजरा व्हावा तसा दरवर्षी गाजावाजा होतो आणि दुसऱ्याचा होत नाही.

एसटी माघारी आली म्हणून

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला, १५१ माणसं गेली. हे बाहेर कसं कळलं तर सकाळी नेहमीची एसटी घेऊन आलेल्या ड्रायव्हरला रस्त्याच्या टोकाला गावच दिसेना, देवळाच्या आसपास चिखलाचा ढीग आणि पुढे काहीच नाही, त्याने गाडी वळवली आणि ही खबर बाहेर नेली. म्हणजे गावात त्या दिवशी एसटी येत नसती तर ही बातमी आणखी किती तासांनी कळली असती? महाराष्ट्रात असे अनेक पाडे आणि वाड्या आहेत जिथे एसटी जातच नाही.

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्याच तळियेत तसंच झालं. दरड दुपारनंतर पडली, महाड पुन्हा पाण्याखाली, रस्ते तुटलेले, बचाव पथक पोचायला दुसरा दिवस उजाडला, तोपर्यंत गावकऱ्यांनी आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या पोरांनी स्वतःच्या हातांनी माती उपसली. ऐंशीवर माणसं गेली. त्याच दिवशी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पहिल्या मजल्यापर्यंत बुडाली होती आणि सुरुवातीचे तास सगळं लक्ष चिपळूणवर होतं, त्यात कोणाचा दोष काढता येत नाही, कारण तळियेचं कोणाला कळलेलंच नव्हतं.

गडचिरोलीतलं भामरागड हे याचं सगळ्यात जुनं उदाहरण. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमाजवळचं हे तालुक्याचं गाव, पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की तालुका तुटतो, आणि ‘शंभरावर गावांचा संपर्क तुटला’ ही ठरलेली ओळ पेपरात येते. पण कुठल्या पेपरात? जिल्ह्याच्या आवृत्तीत. मराठी पेपरांनी जिल्हा-जिल्ह्याच्या आवृत्त्या काढल्यापासून गडचिरोलीचं गडचिरोलीत आणि सांगलीचं सांगलीत छापलं जातं, त्यामुळे स्थानिक बातम्या वाढल्या हे खरंय पण पुण्यातल्या वाचकाला भामरागड दिसेनासं झालं हेही तितकंच खरं. शंभर गावं म्हणजे कोणती, तिथे बाळंतपणाला अडलेली बाई आहे का, रेशन किती दिवसांचं उरलंय, हे त्या एका ओळीत कधीच नसतं.

अंतर लांब म्हणून नेहमी दुर्लक्ष होतं असंही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला तेव्हा तो भाग मुंबईपासून पुष्कळ दूर होता, तरी जगभरातून मदत आली, जागतिक बँकेच्या कर्जातून गावंच्या गावं नव्याने बांधली गेली. तिथे तारीख होती, रस्ते होते, आणि आठ-दहा हजार मृत्यूंचा आकडा होता.

बातमीची गर्दी

यावर अभ्यासही झालेला आहे. ईसेन्सी आणि स्ट्रोमबर्ग या दोघा अर्थतज्ज्ञांनी १९६८ ते २००२ मधल्या सुमारे ५,००० आपत्त्या तपासून २००७ मध्ये दाखवलं की अमेरिकी सरकार परदेशातल्या आपत्तीला मदत करणार की नाही हे त्या वेळी अमेरिकेतल्या टीव्हीवर दुसरं काय चालू आहे यावरही ठरतं. ऑलिंपिकच्या काळात आपत्ती आली तर तेवढंच कव्हरेज मिळायला तिप्पट माणसं मरावी लागतात. त्याहून अंगावर येणारा आकडा म्हणजे ज्वालामुखीत एक माणूस मेला तर बातमी होण्याची जी शक्यता असते, तितकी शक्यता यायला अन्नटंचाईत जवळपास ४०,००० माणसं मरावी लागतात.

आपल्याकडे याचं उदाहरण २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर. ५ ऑगस्टला ३७० कलमाचा निर्णय झाला, ६ च्या रात्री सुषमा स्वराज गेल्या, आणि नेमकं त्याच दिवसांत कृष्णा-पंचगंगा चढत होत्या. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांवर. हिंदी-इंग्रजी चॅनलवर काश्मीर सोडून काही नव्हतं, आणि सांगलीकर घराच्या गच्चीवरून मोबाईलवर व्हिडिओ टाकत होते की आमच्याकडेही बघा. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावातलीच बोट उलटून बाराहून जास्त माणसं बुडाली, त्यानंतर मात्र देशभर बातमी झाली.

सरकारी बाजूनेही त्याच आठवड्यात लोकांचा संताप होईल असं घडलं. ७ ऑगस्टच्या शासन निर्णयात घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असेल तरच कुटुंबाला १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ मोफत, अशी अट होती. ही अट जुन्या निकषांतून आलेली, कोणी मुद्दाम सांगलीसाठी बनवलेली नव्हती, पण ज्याचं घर दीड दिवस गळ्याएवढ्या पाण्यात होतं त्याने तास मोजत बसायचं का?

उलट बाजू पण सांगायला हवी. बेस्ली आणि बर्जेस या अर्थतज्ज्ञांनी भारतातल्या १६ राज्यांची १९५८ ते १९९२ ची आकडेवारी बघून २००२ मध्ये लिहिलं की जिथे पेपरचा खप जास्त तिथलं राज्य सरकार धान्यवाटपाला आणि आपत्तीच्या मदतीला लवकर हलतं, आणि हा परिणाम इंग्रजी नव्हे तर स्थानिक भाषांतल्या पेपरांमुळे होतो. म्हणजे जिल्ह्याच्या वार्ताहराची चार ओळींची बातमी वाया जात नाही.

तारीख नसलेली आपत्ती

दुष्काळाचं दुखणं हेच की तो कोणत्या दिवशी आला हे सांगता येत नाही. मराठवाड्यात २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन पावसाळे गेले, बोअर आटले, चारा छावण्या लागल्या, शेतकऱ्यांच्या आत्महत्या होत राहिल्या, आणि हे सगळं दोन वर्षं पेपरात तुकड्यातुकड्याने येत होतं. देशाचं लक्ष कधी गेलं तर १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली तेव्हा, १० वाघिणी म्हणजे टाकीचे डबे, प्रत्येकात ५० हजार लिटर. रेल्वे दिसते, तिला वेळ आहे, स्टेशन आहे, स्वागताला माणसं आहेत. त्याच आठवड्यात मुंबई हायकोर्टाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले आणि चर्चा मैदानावरच्या पाण्याची सुरू झाली. लातूरच्या बाईने घागर किती तास रांगेत ठेवली होती हा विषय त्यात मागेच पडला.

दुष्काळ जाहीर करण्याची पद्धतही भांडणाची आहे. आधी पैसेवारी बघायचे, म्हणजे नेहमीचं पीक रुपयाएवढं धरलं तर यंदा किती पैसे आलं याचा अंदाज, ती ५० पैशांच्या आत आली तर दुष्काळ, आणि अंतिम पैसेवारी डिसेंबरात, म्हणजे पीक जळून जमाना झाल्यावर. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनंतर पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहावरून दिसणारी पिकाची स्थिती असे निर्देशांक आले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर या पद्धतीने राज्यात ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले, शेजारचा तालुका कोरडा असून यादीत नाही म्हणून गावोगाव ओरड झाली, सत्ताधाऱ्यांचे मतदारसंघच घेतले असा आरोप झाला, आणि मग सरकारला हजारावर महसूल मंडळांत, म्हणजे तालुक्याच्या आतल्या गावांच्या गटांत, दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करावी लागली. दुष्काळी आणि दुष्काळसदृश यातला फरक शेतकऱ्याला विचारून बघा.

६५ मिलिमीटरची रेघ

सरकारी दुजाभाव म्हणून जे वाटतं त्यातलं बरंचसं या रेघेपाशी येऊन थांबतं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला तर ती अतिवृष्टी, आणि मग पंचनाम्यात ३३ टक्क्यांच्या वर नुकसान निघालं तर मदत. एका मंडळात कितीतरी गावं, आणि पाऊस मोजणारं यंत्र एका ठिकाणी. ढगफुटी व्हायची ती यंत्रापासून आठ किलोमीटरवर, ओढ्याकाठचं सोयाबीन मातीसकट वाहून जायचं आणि यंत्र दाखवणार ४८. तलाठी चांगला असेल तर तो वर अहवाल पाठवतो, नसेल तर ‘तुमचं मंडळ बसत नाही’ एवढंच उत्तर मिळतं. रोज थोडाथोडा पडून पंधरा दिवस शेतात पाणी साचणारा पाऊस तर या रेघेत कधीच यायचा नाही, म्हणून २०२३ मध्ये राज्याने सततचा पाऊस ही वेगळी आपत्ती मानली. वीज पडणं आणि अवेळी पाऊस हेही केंद्राच्या यादीत नव्हते, ते राज्याने स्वतःच्या यादीत घातले.

निकषात बसलं तरी केंद्राचा २०२२ मध्ये ठरलेला दर जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, तेही दोन हेक्टरपर्यंत. राज्य कधी त्यात भर घालतं कधी नाही. जिरायतीचा हिशोब गुंठ्याला ८५ रुपये पडतो, आणि तेवढ्यासाठी आधार, केवायसी, बँक खातं, सामाईक सातबारा असेल तर भावांची संमती, एवढं सगळं लागतं.

राज्य आणि केंद्र यांच्यातही हेच भांडण चालतं. कर्नाटकाने २०२३ च्या दुष्काळासाठी १८,१७१ कोटी मागितले, मिळेनात म्हणून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं, आणि मग सुमारे ३,४५४ कोटी आले. आसामची तक्रार वेगळी. राष्ट्रीय पूर आयोगाने १९८० मध्येच सांगितलं होतं की त्या राज्याची जवळपास ४० टक्के जमीन पूरप्रवण आहे, पण दरवर्षी येणारा पूर हा दिल्लीच्या चॅनलसाठी नवा नसतो, म्हणून माजुली आणि धेमाजी या तिथल्या जिल्ह्यांची नावं आपल्याकडे पाठ होत नाहीत.

इर्शाळवाडी

१९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी ठाकर आदिवासींची वाडी दरडीखाली गेली. हे ठिकाण मुंबई-पुणे रस्त्याच्या जवळ, त्यामुळे या वेळी कॅमेरे सकाळीच हजर, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे पावसात पायी चढून वर गेले, विधानसभेत त्याच दिवशी निवेदन झालं. दुर्लक्ष झालं असं कोणी म्हणू शकत नाही. पण वाडीत जायला गाडीचा रस्ता नव्हता, चौकजवळून चढायची पायवाट तेवढी, म्हणून जेसीबी खालीच उभे राहिले आणि जवानांनी फावड्या-कुदळींनी चिखल उपसला. चार दिवसांनी शोध थांबवला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि मृत धरली गेली. सरकारने विधानसभेत सांगितलं की संभाव्य दरडग्रस्त गावांच्या यादीत ही वाडी नव्हतीच.